विसाव्याचे शिबिर: आजीआजोबांकडे, मामाकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी कोकणात सुट्टीचे निवासी शिबिर कसे घ्यावे

कोकणातल्या बहुतेक वाड्यांत आजीआजोबांकडे, मामाकडे किंवा काकूकडे वाढणारी मुले असतात, आणि ती सगळीच काही मुंबईच्या चाकरमान्यांची नसतात. कोणाचे आईवडील वारलेले असतात, कोणाची आई दीर्घ आजारी असते, कोणाचे वडील घर सोडून गेलेले असतात, तर काही मुलांना बाल कल्याण समितीने (निराधार मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्याची शासकीय समिती) रीतसर आदेश देऊन प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवलेले असते. अशा घरात मुलाला सांभाळणारे माणूस बहुधा एकटे, वयस्क आणि थकलेले असते. शाळा सुरू असते तेव्हा दिवसातले पाच-सहा तास तरी त्याला मोकळे मिळतात. सुट्टी लागली की तेही जातात. सांभाळणाऱ्याला चार दिवसांची उसंत मिळावी आणि मुलालाही घराबाहेर मोकळे खेळता यावे, या दुहेरी हेतूने घेतलेले लहान निवासी शिबिर म्हणजे विसाव्याचे शिबिर. स्वयंसेवी संस्था, शाळा, महिला मंडळ किंवा एखादे ग्रामविकास मंडळ ते घेऊ शकते.

संस्कार शिबिरे आणि साहस शिबिरे कोकणात पुष्कळ होतात आणि त्यांचा साचा तयार असतो, परंतु तो इथे जसाच्या तसा चालत नाही. ज्या मुलाचे कपडे याआधी एकदा पिशवीत भरले गेले आणि त्यानंतर त्याचे घरच बदलले, त्याला शिबिराची पिशवी भरताना पाहून काय वाटत असेल, याचा विचार आयोजकाने सर्वांत आधी करावा. आपण परत जाणार आहोत, अमुक दिवशी, अमुक माणसाबरोबर, याच घरी, ही खात्री मुलाला सतत वाटत राहिली तर बाकीच्या उणिवा निभावून जातात. ती खात्री नसेल तर उत्तम जेवण आणि उत्तम खेळ असूनही शिबिर त्या मुलाला आणखी एक धक्का देऊन जाते. पुढील सर्व पायऱ्या याच एका कसोटीवर घासून पाहाव्यात.

पहिली पायरी: मुले आणि दिवस ठरवणे

पहिल्या शिबिराला पंधरा ते वीस मुले पुरेत, आणि चार रात्रींपेक्षा अधिक मुक्काम ठेवू नये. वय आठ ते चौदा असावे. त्याहून लहान मूल रात्री कासावीस होते, आणि मोठ्या मुलांच्या गरजा इतक्या वेगळ्या असतात की त्यांच्यासाठी निराळे शिबिरच घ्यावे. भावंडांना मात्र वयाच्या अटीवरून तोडू नये. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्व देताना भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे म्हटले आहे, आणि शिबिरातही तोच नियम पाळणे शहाणपणाचे आहे. सहा वर्षांची बहीण नियमात बसत नसेल, तर नियम बाजूला ठेवून तिला भावाबरोबर यायला द्यावे.

दिवसांची निवड शाळेच्या वेळापत्रकाइतकीच शेतीच्या वेळापत्रकावरून करावी. गणपतीत आणि शिमग्यात शिबिर कदापि ठेवू नये. त्या दिवसांत साऱ्या गावाचे नातेवाईक घरी येतात, आणि नेमके तेव्हाच मुलाला बाहेर पाठवले की आपण या घरचे नाही हाच अर्थ त्याच्या मनात उतरतो. मे महिना सोयीचा वाटतो खरा, कारण आंबा काढणी, काजू बी वेचणी आणि पाहुण्यांची ये-जा यांनी आजी पुरती दमलेली असते. मात्र शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस, विजा आणि खवळलेला समुद्र यांमुळे मुलांना छपराखाली कोंडून बसवण्याची वेळ येते. माझ्या मते सर्वांत चांगला काळ दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाल्यानंतरचा आहे. हवा कोरडी असते, समुद्र निवळलेला असतो, आणि भातकापणी-झोडणीच्या धांदलीत असलेल्या घराला मुलांच्या जबाबदारीतून चार दिवस सुटका मिळते.

मुलांची नावे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून आणि बालसंगोपन योजनेचे (अशा मुलांच्या सांभाळासाठी दरमहा मदत देणारी राज्याची योजना) काम करणाऱ्या संस्थांकडून, त्यांच्याच मार्फत पालकांना विचारून मिळवावीत. यादी मागून घेऊन थेट दारात जाऊ नये. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना वाडीतली घरे ठाऊक असतात. कोणत्याही योजनेत नाव नसलेली, नातलगांनी आपणहून सांभाळलेली मुले त्यांच्यामुळेच कळतात. अशा घराशी बोलताना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहितीही द्यावी. २०२३ पासून तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात, तर केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व यांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. हे पैसे मुलाच्या रोजच्या खर्चाचे आहेत. त्यांतून शिबिराची फी मागणे अयोग्य आहे, नाममात्र म्हणूनही मागू नये.

दुसरी पायरी: परवानग्या आणि कागदपत्रे

समितीच्या आदेशाने प्रतिपालक कुटुंबात असलेल्या मुलाला रात्रीच्या मुक्कामाला नेण्यापूर्वी बाल कल्याण समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला प्रत द्यावी. अर्जात जागा, तारखा, वाहन, सोबतच्या प्रौढांची नावे आणि परतीची वेळ स्पष्ट लिहावी. समितीच्या बैठका ठरावीक दिवशी असतात, म्हणून अर्ज निदान दीड महिना आधी जावा. मुलांना निवासी ठेवणाऱ्या संस्थांना बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. चार रात्रींचे शिबिर म्हणजे बालगृह नव्हे, तरीही गैरसमजाला जागा राहू नये म्हणून जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना आगाऊ पत्र देऊन त्यांचे उत्तर फाइलला लावावे. जवळच्या पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीलाही कळवावे.

नातलगांकडे कोणत्याही आदेशाविना वाढणाऱ्या मुलांची अडचण वेगळी असते. आजीकडे मुलाच्या ताब्याचा कागद नसतो आणि आई किंवा वडील हयात असतात. इथे आजीची संमती घ्यावीच, शिवाय संपर्कात असलेल्या आई किंवा वडिलांचीही घ्यावी; नाहीतर शिबिर सुरू असताना कोणीतरी रागाने फाटकाशी येऊन उभे राहते. मुलाला भेटण्याचा हक्क कोणाला आहे, कोणाला समितीने मज्जाव केला आहे आणि मुलाला न्यायला कोण येणार, या तीन गोष्टी प्रत्येक मुलाच्या अर्जावर पहिल्याच पानावर असाव्यात. तातडीच्या उपचारांच्या संमतीवर कोण सही करणार हेही तिथेच नोंदवावे. मुलाच्या मागच्या आयुष्याची कहाणी मात्र मागू नये. त्याला कशाची भीती वाटते, कोणते औषध चालू आहे, झोपताना काय लागते आणि कोणत्या विषयावर त्याच्याशी बोलू नये, एवढे समजले की काम भागते.

तिसरी पायरी: जागा

समुद्र दिसावा पण फाटक उघडताच पायाखाली वाळू येऊ नये, अशी जागा शोधावी. किनाऱ्यापासून पंधरा-वीस मिनिटे चालत अंतरावरची शाळा, वसतिगृह किंवा मोठे चौसोपी घर उत्तम. तारकर्ली, गणपतीपुळे, काशीद अशा गर्दीच्या किनाऱ्यांपेक्षा बाजूचे शांत गाव निवडावे. पर्यटकांच्या गर्दीत मुलांवर नजर ठेवणे कठीण जाते, आणि सुट्टीतले भाडेही आवाक्याबाहेर जाते.

जागा पाहायला दिवसा जावे आणि एकदा रात्रीही जावे. विहिरीला कठडा व जाळी आहे का, शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा आहे का, वीज गेल्यावर काय होते, हे रात्रीच कळते. आसपास चिरेखाण आहे का, हे गावकऱ्यांना मुद्दाम विचारावे. जांभा काढून सोडून दिलेल्या खाणींत पावसाचे पाणी साचते, ते पुढे बरेच महिने राहते, आणि उभ्या कापलेल्या कडांमुळे आत पडलेल्याला वर येता येत नाही. नारळाखाली खेळाचे मैदान किंवा अंथरूण नको, ही गोष्ट स्थानिकांना सांगावी लागत नाही. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांना मात्र सांगावी लागते.

प्रवासासाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने, घ्यावी आणि मुलांना तालुक्याच्या ठिकाणी न बोलावता शक्य तितके वाडीजवळून न्यावे. ज्या घरातून मूल निघाले त्याच घराच्या अंगणात ते परत उतरले, तर त्याच्या मनात शंका उरत नाही.

चौथी पायरी: माणसे

वीस मुलांमागे निदान सहा प्रौढ असावेत, त्यांत स्त्रिया आणि पुरुष दोन्ही असावेत, आणि स्वयंपाकाची माणसे यांत मोजू नयेत. प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. ओळखीचा आहे, गावचाच आहे, गुरुजी आहेत, ही कारणे सवलतीसाठी चालणार नाहीत. एका प्रौढाने एका मुलाबरोबर बंद खोलीत कधीही राहू नये, आणि आंघोळ व कपडे बदलण्याच्या वेळी दोघांचे पथक दाराबाहेर असावे.

पहिल्या दिवशी मुलाचा हात धरणारी व्यक्ती शेवटच्या दिवसापर्यंत तीच राहिली पाहिजे. दोन दिवस येणारे, फक्त रविवारी येणारे, गिटार वाजवायला येणारे उत्साही तरुण हे सामान्य शिबिरात शोभून दिसतात. जिव्हाळा लावून निघून जाणारी माणसे या मुलांनी आधीच पुरेशी पाहिलेली असतात. म्हणून चार-चार मुलांचा गट करून प्रत्येक गटाला एक कायमचा ताई किंवा दादा द्यावा, आणि शिबिरानंतर भेटेन असे खोटे वचन कोणी देऊ नये, अशी ताकीद सगळ्यांना द्यावी.

पाचवी पायरी: मुलाला सांगणे

ही पायरी कागदोपत्री सर्वांत लहान आणि प्रत्यक्षात सर्वांत मोठी आहे. शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधी गटाच्या ताईने किंवा दादाने मुलाच्या घरी जाऊन त्याची भेट घ्यावी, आणि ती सांभाळणाऱ्याच्या समोर, पडवीत बसून घ्यावी. जागेचे चार फोटो न्यावेत: झोपायची खोली, जेवणाची जागा, शौचालय आणि फाटक. मग साध्या शब्दांत सांगावे: “सोमवारी सकाळी आपण गाडीने निघणार, चार रात्री तिकडे झोपणार आणि शुक्रवारी दुपारी मी तुला इथेच आजीकडे आणून सोडणार.” हे वाक्य आजीनेही तिच्या तोंडाने म्हणावे, कारण मुलाचा विश्वास आपल्यावर नसतो, तिच्यावर असतो.

“शहाणा राहिलास तर नेऊ” किंवा “त्रास दिलास तर तिकडेच ठेवू” अशी वाक्ये घराघरांत सहज बोलली जातात आणि बोलणाऱ्याच्या मनात काही नसते. या मुलाच्या बाबतीत ती थांबवण्याची विनंती सांभाळणाऱ्यांना स्पष्टपणे करावी. शिबिर हे बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. मूल नको म्हणाले तर ते ऐकावे. पुढच्या वेळी यायचा रस्ता मोकळा ठेवावा.

मुलाने घरातली एक वस्तू बरोबर आणावी आणि स्वतःची एक वस्तू घरी ठेवून यावे, असे सुचवावे. आजीच्या लुगड्याचा तुकडा सोबत आला आणि दप्तर घरच्या खुंटीवर राहिले, की परतीचे आश्वासन शब्दांवाचून पटते. शिबिरात प्रत्येकाला एक साधे कॅलेंडर द्यावे आणि रोज रात्री त्यावर खूण करू द्यावी. घरी फोन ठरलेल्या वेळी, रोज एकदा, पाच मिनिटे. मूल फोनवर रडते म्हणून फोन बंद करण्याचा सल्ला अनुभवी शिबिरचालक देतात, पण तो या मुलांना लागू नाही. आवाज ऐकू आला नाही की घर अजून तिथेच आहे का, ही शंका त्यांना पोखरते.

सहावी पायरी: समुद्र, ऊन आणि विंचू-काटा

समुद्रावर जाण्याची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी लागून पाणी सर्वांत खाली जाते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो. शिबिराच्या तारखा भांगाच्या दिवसांत आल्या तर बरे. हिशेब ढोबळ असल्यामुळे त्या गावच्या गाबीत, खारवी किंवा कोळी बांधवांपैकी एका जाणत्याला मानधन देऊन रोज बरोबर न्यावे आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. खाडीच्या मुखाशी आणि खडकांच्या मधल्या खाचांत वरून शांत दिसणारे पाणी आत ओढून नेते, हे त्याला ठाऊक असते.

पाण्यात गुडघ्यापर्यंतच, तीन मुलांमागे एक प्रौढ, आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी देऊन मोजणी. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जायचे असल्यास सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिट असल्याशिवाय होडी सुटू नये. नौकानयन, पॅराग्लायडिंग, पाण्याखाली डुबकी असे प्रकार पहिल्या शिबिरात नकोत.

जमिनीवर खरी काळजी फुरसे या विषारी सापाची आणि लाल विंचवाची. दगडांच्या गडग्यात, पालापाचोळ्यात आणि सरपणाच्या ढिगात दोघांचाही वावर असतो. रात्री चप्पल झटकून घालावी, बॅटरीशिवाय अंगणात उतरू नये, अंथरूण भिंतीपासून दूर असावे. दंश झाल्यास कापणे, चोखणे, घट्ट आवळणे, मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही न करता अवयव स्थिर ठेवून तडक रुग्णालय गाठावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले, पण औषध वेळेवर मिळाले पाहिजे. यासाठी शिबिराच्या आदल्या आठवड्यात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्वतः जाऊन सर्पदंशावरील प्रतिविष आणि प्राझोसिन उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून यावे. १०८ ची रुग्णवाहिका अरुंद वाटेने वाडीत कुठपर्यंत येते, तेही पाहून ठेवावे, आणि एक चारचाकी चालकासह रात्रभर जागेवर उभी ठेवावी.

सातवी पायरी: दिवस, जेवण आणि रात्र

दिनक्रम सैल असावा पण त्याचा क्रम रोज तोच असावा. सकाळी पेज किंवा घावणे, मग एक फेरफटका. दुपारी जेवण आणि सक्तीची नव्हे अशी विश्रांती. संध्याकाळी समुद्र किंवा मैदानी खेळ. रात्री गाणी, भजन, जाखडीचा नाच. रत्नागिरीजवळ शिबिर असेल तर तिथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय दाखवावे, दापोलीजवळ असेल तर कृषी विद्यापीठाच्या बागा, वेंगुर्ल्याकडे असेल तर काजूच्या कलमांसाठी नावाजलेले फळ संशोधन केंद्र. “माझे कुटुंब” या विषयावर चित्र काढायला लावणे, आईला पत्र लिहायला सांगणे, वंशवृक्ष बनवणे हे शिबिरांतले ठरलेले उपक्रम इथून कटाक्षाने वगळावेत.

जेवण भरपूर आणि ओळखीचे असावे: भात, आमटी, भाकरी, एक भाजी, चालत असेल तर मासळी, आणि सोलकढी. काही मुले चपातीचे तुकडे खिशात किंवा उशीखाली लपवतात. कधीतरी उपाशी राहावे लागलेल्या मुलाची ती सवय असते. तिच्यावरून ओरडू नये, हसूही नये. जेवणघराच्या दाराशी चिवडा, शेंगदाण्याचे लाडू आणि केळी दिवसरात्र उघडी ठेवावीत; हवे तेव्हा मिळते हे कळले की लपवणे बहुधा कमी होते.

औषधे एका कुलूपबंद पेटीत असावीत आणि प्रत्येक मुलाला ती एकेकटे बोलावून, दोन प्रौढांच्या समोर द्यावीत. एचआयव्हीबाधित घरांतली मुलेही बालसंगोपन योजनेत असतात. कोणाची कोणती गोळी चालू आहे हे इतर मुलांना कळण्याचे काही कारण नाही.

रात्री एक मंद दिवा जळत ठेवावा आणि दोन प्रौढांनी आळीपाळीने जागे राहावे. अंथरूण ओले होणे मोठ्या मुलांतही होते. सर्वच गाद्यांवर आधीपासून मेणकापड घालावे, जादा चादरी आणि हाफपँट ठरलेल्या जागी ठेवाव्यात, आणि पहाटे गाजावाजा न करता बदलून घ्यावे. मुलींसाठी सॅनिटरी पॅड शौचालयातच ठेवावेत, म्हणजे मागावे लागत नाहीत.

आठवी पायरी: मुलाने काही सांगितले तर

घरापासून लांब, अंधारात, विश्वासाच्या ताईजवळ मूल कधीकधी न सांगितलेले बोलून जाते. तेव्हा शांतपणे ऐकावे, प्रश्नांची सरबत्ती करू नये आणि “कोणालाही सांगणार नाही” असे वचन देऊ नये. “तू सांगितलेस ते बरे केलेस, तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला हे सांगावे लागेल,” एवढे म्हणावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बाल कल्याण समितीला त्याच दिवशी माहिती द्यावी. आरोप ज्या घरातल्या माणसावर असेल त्याच घरी मुलाला ठरल्याप्रमाणे पोचवणे चूक ठरेल. परतीचे वचन मोडण्याचे हे एकच योग्य कारण आहे, आणि तेव्हाही कुठे, कोणाबरोबर जायचे हे मुलाला समितीच्या निर्णयानंतर लगेच, खरे खरे सांगावे.

फोटोंविषयी थोडक्यात: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे, आणि भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नाहीत, स्टेटस नाही, “अनाथ मुलांचे शिबिर” असा फलक नाही आणि देणगीदारांच्या हस्ते वह्यावाटपही नाही. देणगीदाराला कोकम आणि आभाराचे पत्र पाठवावे.

नववी पायरी: सांभाळणाऱ्याचा विसावा आणि परतीचा दिवस

मुले गेल्यावर आजीला मोकळीक मिळते, पण ती घेण्याचा तिला संकोच वाटतो. “नातू जड झालो काय?” असे शेजारीण विचारणार, हे तिला आधीच माहीत असते. म्हणून वाडीत बोलताना शिबिर मुलांच्या सुट्टीसाठी आहे असेच म्हणावे. त्या दिवसांत तिच्यासाठी पालक मेळावा, प्रशिक्षण किंवा समुपदेशनाचे सत्र लावण्याचा मोह आयोजकांना होतो, तो आवरावा. तिला डोळे तपासायचे असतील, बँकेत मुलाच्या खात्याचे काम करायचे असेल किंवा माहेरी किंवा लेकीकडे दोन दिवस राहायचे असेल, तर वाहनाची सोय विचारावी. नुसते झोपायचे असेल तर झोपू द्यावे. ठरलेल्या फोनला तिने हजर राहावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

परतीची वेळ अर्ध्या तासानेही चुकू नये, अशा बेताने निघावे. आदल्या संध्याकाळी निरोपाचा मोठा समारंभ आणि रडारड घडवून आणू नये; प्रत्येकाने कॅलेंडरवर शेवटची खूण करावी आणि पिशवी स्वतः भरावी. घरी पोचल्यावर ताईने मुलाला आजीच्या ताब्यात देऊन सहीचा कागद करावा, औषधे परत द्यावीत आणि चार दिवसांत काय खाल्ले, झोप कशी होती, काय आवडले, हे मुलासमोरच सांगावे. पहिले दोन-तीन दिवस मूल चिडचिड करील, आजीला चिकटून राहील किंवा मुद्दाम आगळीक करील, याची कल्पना तिला त्याच वेळी द्यावी, म्हणजे शिबिराने पोर बिघडले असा समज होत नाही.

आठ-दहा दिवसांनी त्याच ताईने किंवा दादाने घरी एक भेट द्यावी. मूल पुन्हा यायला तयार आहे का आणि आजीला पुन्हा पाठवावेसे वाटते का, हे दोघांना वेगवेगळे विचारावे, त्यांची उत्तरे पुढच्या अर्जाच्या फाइलला लावावीत आणि भेटीचा अहवाल जिल्हा बाल संरक्षण कक्षाला महिनाअखेरीपर्यंत पाठवावा.